सोळावं पिल्लू

१

"आप्पा, लौकर चला. समदी मेली!" एवढं बोलून मष्णू माझ्या उंबऱ्यावर मटकन बसला.

"समदी म्हंजे कोण रं? माणसं का जनावरं?"

"पाखरं. मास्तरांची पाखरं."

मष्णू हिरेकेरीचा, तळ्यात मासे धरून पोट भरणारा गडी. हिरेकेरी निपाणीच्या वाटेवर, चिकोडीपासून दोन-अडीच कोसांवर. मी परशराम, चिकोडीच्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. मोठे डॉक्टर सदा फिरतीवर, त्यामुळं खेड्यापाड्यांतले लोक मलाच डॉक्टर समजत, आणि मीही कधी नको म्हटलं नाही. कमरेला तपकिरीची डबी, तोंड फटकळ. एकोणीसशे एकोणचाळीसच्या वैशाखातली ही गोष्ट. तिच्यात मी शहाणपणा केला, असं मला वर्षभर वाटत होतं.

चालता चालता मष्णूनं निम्मं सांगितलं, निम्मं मला ठाऊकच होतं. हिरेकेरीच्या तळ्याकाठी चिंचा आणि बाभळी आहेत. त्यांच्यावर दर माघात चामढोक येतात, पिवळ्या चोचीचे, शेपटाशी गुलाबी पिसं असलेले उंच पक्षी. वैशाखापर्यंत पिल्लं वाढवतात आणि पाऊस लागला की जातात. पूर्वी गावची पोरं घरट्यांवर दगड मारायची, बाहेरून बंदूकवाले यायचे. मग श्रीपाद मास्तर आले. गडी बेळगावचा, घरचा बरा, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी जाईल तर शपथ. सकाळच्या उन्हात पोरांना तळ्याच्या बांधावर बसवायचा आणि घरटी मोजायला, पाखरं पिल्लांना काय भरवतात ते पाहायला शिकवायचा. गावानं ह्या प्रकाराला पाखरांची शाळा असं नाव ठेवलं. आधी चेष्टेनं ठेवलं, मग त्याच नावाचा अभिमान धरला.

दहा दिवसांमागं वादळात एक जुनी चिंच उन्मळून पडली आणि सतरा पिल्लं खाली आली. मास्तरांनी ती तळ्याकाठच्या छपरात ठेवली. राखणीला भरमा आणि त्याची बायको नागुबाई. दोन पिल्लांचे पाय मोडले होते, त्यांना कामट्या लावून पट्ट्या बांधायला मीच गेलतो.

आम्ही पोचलो तेव्हा छपरासमोर सगळा गाव गोळा झाला होता. मास्तर एका दगडावर डोकं धरून बसलेले, पोरं मुसमुसत होती. भरमा मधोमध हात जोडून उभा होता.

"आप्पा," मास्तर म्हणाले, "हा म्हणतो, यानंच मारली."

२

भरमा तरुणपणी शिकाऱ्यांबरोबर हाकारे घालायला जायचा. मास्तरांनी त्याला बोलावून तळ्याचा राखणदार केला तेव्हा गाव हसला होता, बोक्याला दुधाची राखण म्हणून. चार वर्षं त्यानं एका पिसाला धक्का लागू दिला नव्हता. आणि आज म्हणतो, मी मारली!

"कशानं मारलीस रं?" मी विचारलं.

"इख घातलं."

"कशात?"

"माशात."

"का?"

तो खाली बघत म्हणाला, "डोकं फिरलं, आप्पा. लई कटकट झाली पाखरांची."

आण्णाप्पा पुढं आला. गावातला बडा तंबाखूवाला, तळ्याच्या गाळाच्या जमिनीवर त्याचा कैक वर्षांचा डोळा. "ऐकलं न्हवं? कबूल झाला. संध्याकाळी पंच बसतील आणि दिवस मावळायच्या आत हा नवरा-बायको गावाबाहेर. बास."

"पंच बसायला अजून दिवस आहे," मी म्हटलं. "तवर मला बघू दे."

छपरात गेलो. पंधरा पिल्लं गोणपाटावर ओळीनं पडली होती. माना मागं वळलेल्या, चोचीला फेस, पोटातले मासे ओकलेले. कुठं जखम नाही, मुंगसाचा दात नाही. पंखाखालची लव मात्र चिकटून बसली होती, ओली होऊन वाळल्यावर बसते तशी. आणि कोपऱ्यातल्या बुट्टीत माझ्या पट्ट्यांची दोन पिल्लं चोची उघडून भुकेनं ओरडत होती.

"ह्यांना काल काय घातलंत?" मी पोरांकडं वळलो.

"समद्यांस्नी एकच मासं, आप्पा. एकाच घमेल्यातलं. ह्या दोगांनी तर लई खाल्लं."

मी जिवंत पिल्लू उचललं. हातावर काहीतरी वळवळलं. उवा! कोपरापर्यंत चढल्या. मेलेलं उचललं, तर त्याच्या पिसांतही उवा होत्या, पण सगळ्या मेलेल्या. बोटानं झटकल्या की भुश्श्यासारख्या पडत होत्या.

माशातल्या विषानं पाखरू मरेल. त्याच्या अंगावरची ऊ कशी मरेल? आणि एकाच घमेल्यातलं खाऊन ती दोन कशी जगतील?

भरमा धडधडीत खोटं बोलत होता.

३

मष्णूला मी बाजूला घेतलं. त्याचं आणि मास्तरांचं पूर्वी वाजलं होतं. पाखरं पिल्लांसाठी मासे धरतात त्या अंगाला जाळं टाकायचं नाही, असं मास्तरांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

"तुझा राग होता ना रं मास्तरांवर?"

"व्हता की. पयल्या साली." तो डोळे पुसत म्हणाला. "मग माझीच पोरगी त्या शाळत बसाय लागली. घरी येऊन मलाच शिकवती, आबा, ह्या मयन्यात बारकं मासं धरू नगंस. आता काय सांगायचं तिला?"

"काल छपरात कोण कोण होतं?"

"काल निपाणीचा बाजार. पोरांस्नी सुट्टी, मास्तर पण बाजारला गेलतं, भरमा पण. सकाळी मी मासं दिलं, पोरांनी भरवलं आणि घरला गेली. मागं नागूआक्का एकटीच व्हती."

"ती कुठं आहे आता?"

"घरात पडलीया. रातीपासनं उलट्या. सकाळी पाखरांचं कळलं आणि पार भुईला मिळाली."

मी तळ्याचा काठ धुंडाळला. छपरापासून वीस पावलांवर बेशरमीच्या झुडपांत एक गाडगं फुटून पडलं होतं. फुटलं नव्हतं, फोडलं होतं, कारण खाली धोंडा होता आणि खापऱ्या एकाच जागी होत्या. आतून तपकिरी डाग. मी नाकाला लावून बघितलं. वास काही कळेना. चाळीस वर्षं तपकीर ओढणाऱ्याचं नाक ते, गटारात पडलो तरी मला कळायचं नाही.

"मष्णू, हुंग जरा."

त्यानं हुंगलं आणि खापरी परत दिली. "तंबाखू. ह्या गावात दुसरा कसला वास येणार, आप्पा?"

खरं होतं ते. घराघराच्या अंगणात तंबाखू, माणसांच्या कपड्यांत, पाण्याच्या घागरीत तंबाखू. निम्म्या बाया निपाणीच्या वखारीत कामाला. म्हणून तर सकाळपासून शंभर माणसं त्या छपरात आत-बाहेर करून गेली आणि एकालाही वेगळा वास आला नाही.

आणि गावात तंबाखूची सगळ्यांत मोठी रास होती आण्णाप्पाकडं.

४

आण्णाप्पाच्या अंगणात गडी बैल धुवत होता. मला बघून आण्णाप्पा मोठ्यानं हसला. "या डॉक्टर! बघा, बैलाला गोचीड झालीया, पण तुमच्या दवाखान्याची पायरी चढलो न्हाय. तंबाखूच्या देठाचं पाणी उकळलं, चोळलं, संपलं. आज्यापासनं हेच चालत आलंय."

मी ती खापरी त्याच्यापुढं धरली. "हेच पाणी?"

त्याचं हसू मावळलं. त्यानं खापरी हुंगली, मग माझ्या तोंडाकडं बघितलं. "म्हंजे पाखरांस्नी हे लावलं कुणीतरी?"

"पंखाखाली, पोटाला, नीट चोळून. बैलाचं कातडं जाड, त्याला काही होत नाही. त्या कोवळ्या जिवांच्या अंगात ते मुरलं. तळ्याची जमीन तुला पाहिजे, आण्णाप्पा. पाखरं गेली की मास्तर जाणार आणि मास्तर गेला की..."

"थांब परशराम!" तो उखडला. "जमीन पायजे मला, उघड सांगतो, मास्तरांच्या तोंडावर सांगितलंय. पण मला मारायचीच असती, तर माशात मूठभर काय बी घालून मोकळा झालो असतो. एकेक पिल्लू मांडीवर घेऊन, पंख उचलून आंघोळ घालत बसायला मी काय त्यांची आई हाय?"

मी तिथंच उभा राहिलो. रागाच्या भरात आण्णाप्पानं मला सगळं सांगून टाकलं होतं.

मारणारा माणूस पंखाखाली हात घालून पुसत बसत नाही. आणि ती दोन पिल्लं? पट्ट्या बांधताना मी बजावलं होतं, ह्यांना पाणी लागू द्यायचं नाही, कामट्या सुटतील. वैऱ्यानं माझा शब्द कशाला पाळला असता? ज्यानं पंधरांना धुतलं त्यानं त्या दोघांना जपून कोरडं ठेवलं होतं. आणि ते मी बजावलं होतं नागुबाईला.

५

नागुबाई भिंतीला टेकून बसली होती. तोंड उतरलेलं, हात मांडीवर उताणे. रात्रीच्या उलट्याही त्याच पाण्याच्या होत्या, हातांतून मुरलेल्या. वखारीत वर्षानुवर्षं तंबाखू झाडून तळवे कायमचे पिवळे पडलेले.

तिची गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. तीन मुलं झाली, एक वर्षाचंही कुणी झालं नाही. तेव्हापासून बाया तिच्या मांडीवर तान्हं मूल देत नसत. नागूच्या हाताला यश न्हाय, असं तिच्या समोर बोलत. मग ही पिल्लं आली आणि मास्तरांनी सरळ तिच्या ओटीत घातली. त्या दहा दिवसांत तिचा आवाज वाढला होता, चालण्यात ऐट आली होती. पोरं तिला पाखरांची आई म्हणायची.

"आप्पा," ती म्हणाली, "काल एवढी चांगली व्हती हो. सारखी खाजवायची बिचारी, उवांनी बेजार. मी आंघूळ घातली, पुसली. गार पडली म्हणून गोणपाट घातलं वर. म्हटलं, आता निवांत झोपतील. आणि ह्यांनी... ह्यांच्या हातनं कसं हो झालं? चार वर्सं जीव लावलेला माणूस."

तिला माहीतच नव्हतं! ती नवऱ्याला दोष देत होती आणि नवरा तो घेत होता.

मी भरमाला परसात नेलं. "गाडगं तू फोडलंस."

त्यानं मान डोलावली.

"त्या पाण्यानं गेली, हे तुला कसं कळलं?" मी विचारलं.

तो तळ्याकडं बघत म्हणाला, "ल्हान असताना आईनं माझ्या एकदा कोंबडीच्या पिल्लांस्नी हेच पाणी लावलतं. एक बी उरलं न्हाय. काल सांच्याला बाजारनं आलो, तर नागू समद्यांस्नी पुसून हसत बसलेली. पंधरा वर्सांत तिला तशी हसताना बघितली नव्हती. मी म्हटलं, मोठी हाईत ही पाखरं, निभावतील. पाटंला उठून बघतो तर..." त्याला हुंदका आवरेना. "आप्पा, मला हाकला गावातनं. माझं काय न्हाय. पण तिला कळलं की तिच्या हातनं गेली, तर ती तळं जवळ करंल. पाया पडतो तुमच्या."

आणि तो खरंच माझ्या पाया पडला. म्हातारा गडी, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा.

६

पंच चावडीच्या कट्ट्यावर बसले. आण्णाप्पा माझ्याकडं रोखून बघत होता. नागुबाई बायांच्या मागं उभी होती.

खरं बोललो तर भरमा सुटणार, पण नागुबाई जिवानिशी जाणार. गप्प बसलो तर दोघं गावातनं जाणार. मी डबी काढली, चिमूटभर ओढली, आणि घसा साफ केला.

"भरम्यानं काही केलेलं नाही. भीतीनं बरळतोय. हा रोग आहे, साथीचा. कोंबड्यांत येतो तसा. माना वळलेल्या बघितल्यात ना सगळ्यांनी? मी दवाखान्याचा माणूस आहे, माझं ऐका."

कुणी का म्हणून विचारलं नाही. दवाखान्याचा माणूस बोलला, प्रश्न मिटला. खापरी हुंगलेल्या आण्णाप्पाला सगळं कळलं होतं. त्यानं एकदा नागुबाईकडं बघितलं आणि मुकाट्यानं पान लावायला घेतलं. त्या माणसाबद्दल माझं मत त्या दिवशी बदललं.

पण खोट्याला फाटे फुटतातच. एका पंचानं विचारलं, "साथ हाय तर पोरांस्नी त्या पाखरांजवळ कसं सोडायचं?" दुसरा म्हणाला, "छप्पर जाळाय पायजे." मी काय बोलणार? दुसऱ्या दिवशी छप्पर जाळलं. पाखरांची शाळा बंद झाली. ती दोन पिल्लं मी बुट्टीत घालून चिकोडीला नेली. त्यातलं एक वाटेतच गेलं, दुसरं आषाढात उडालं.

मास्तर निरोप द्यायला वेशीपर्यंत आले. "आप्पा, खरंच रोग होता?"

"होता," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला नव्हता, पण चांगल्या घरचा माणूस, पुन्हा विचारलं नाही. मी मात्र मनात खूश होतो. दोन माणसं वाचवली, एका शब्दात! बायकोपाशी फुशारकीही मारली.

७

पुढच्या साली चैत्र संपता संपता एका दुपारी दवाखान्यासमोर नागुबाई येऊन उभी राहिली. अडीच कोस उन्हात चालत आलेली. पदरात काहीतरी गुंडाळलेलं होतं. तिनं ते माझ्या टेबलावर ठेवलं.

चामढोकाचं पिल्लू. मान मागं वळलेली, चोचीला वाळलेला फेस, पंखाखालची लव चिकटलेली.

मी खुर्चीतनं उठलो आणि परत बसलो.

"घरट्यातनं पडलं," ती म्हणाली. आवाज अगदी शांत. "कुणाला सांगितलं न्हाय, साथ म्हणून मारतील, म्हटलं. सकाळी चांगलं व्हतं. मासं खाल्लं. उवा व्हत्या, म्हणून देठाचं पाणी लावलं. सूर्य कासराभर वर याच्या आत माझ्या मांडीवर गेलं." तिनं पिल्लावर बोट ठेवलं. "एकट्या पाखराला साथ कुठनं लागली, आप्पा?"

मी पंख उचलला, खालच्या उवा मेलेल्या होत्या.

"गेल्या साली बी रोग न्हवता, व्हय न्हवं?"

"नव्हता," मी म्हटलं.

"ह्यांस्नी ठाव व्हतं?"

"होतं."

ती खाली बसली, जमिनीवर. रडेल असं मला वाटलं, पण ती नुसती आपल्या पिवळ्या तळव्यांकडं बघत राहिली. माझेच डोळे भरून आले.

"नागू, तुला सोसणार नाही म्हणून..."

"तिघं पुरलीत मी, आप्पा, ह्याच हातांनी." तिनं वर बघितलं. "मला काय सोसतंय ते तुमी दोघा बाप्यांनी ठरवलंसा. तवाच सांगितलं असतंसा, तर त्या दिवशी मेल्यागत झालं असतं मला, व्हय. पण ह्ये एक जगलं असतं की हो!"

मी पिल्लाची वळलेली मान सरळ केली.

ती उठली, पिल्लू पुन्हा पदरात घेतलं. "मास्तरांस्नी सांगा, शाळा चालू करा म्हणून. रोग न्हवता म्हणून सांगा. पोरांस्नी म्या सांगणार हाय."

मी तिच्याबरोबरच निघालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तळ्याच्या बांधावर वर्षानं पोरं बसली. चिंचांवर ढोकांची ये-जा चालू होती. मास्तर एका बाजूला उभे, आण्णाप्पासुद्धा लांब बैलगाडीपाशी थांबला होता. भरमा बांधाखाली बसून होता, त्याला मान वर करवत नव्हती. नागुबाई पोरांपुढं उभी राहिली आणि दोन्ही हात पुढं धरले.

"बगा, ह्ये हात. तंबाखूचं हाईत. तुमच्या आयांचं बी असंच हाईत. बैलाला चालतं ते पाखराला चालत न्हाय. पाखराला हात लावायच्या आदी राख घेऊन धुवायचं, दोनदा. आणि देठाचं पाणी कदीच न्हाय. मला ठाव न्हवतं. माझ्या हातनं पंधरा पिल्लं गेली, आणि परवा एक. सोळा."

पुढच्या रांगेतली मष्णूची पोरगी रडायला लागली. पाठीमागं बायांत कुजबुज सुरू झाली, तीच जुनी, हाताला यश न्हाय म्हणून. नागुबाईनं ती ऐकली आणि तरी ती हात पुढं धरून उभीच राहिली.

तेव्हा मी पोरांच्या मधून उठलो. गुडघे दुखत होते, डबी कमरेतून खाली पडली, ती तशीच राहू दिली.

"पंधरा म्हण, नागुबाई," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "रोग म्हणून खोटं मी सांगितलं. सोळावं माझ्या हातचं आहे."